मंजूर झालेला गोंधळ

संगणकातल्या कावळ्याइतका शिस्तीचा प्राणी अख्ख्या सृष्टीत सापडणार नाही. त्याला एकदा उडायला शिकवायचं: चोवीस फ्रेमचं एक चक्र, त्यात चार फडफडी. मग त्याच्या पाच हजार प्रती काढून आभाळात सोडायच्या. पाचही हजार कावळे एकाच क्षणी पंख वर नेतात आणि एकाच क्षणी खाली आणतात. कोणी पुढे नाही, कोणी मागे नाही. पीटीच्या मास्तरांना आयुष्यभर शिट्टी फुंकून जे साधलं नाही ते इथे एका बटणावर होतं, आणि पडद्यावर ते इतकं भयाण दिसतं की बघणारा आधी हसतो आणि मग तिकिटाचे पैसे आठवतो.

माझं काम या कावळ्यांना बिघडवण्याचं आहे. ऑफिसात मला 'एफएक्स आर्टिस्ट' म्हणतात. घरी 'कॉम्प्युटरवर काहीतरी करतो' म्हणतात. लग्नकार्यात भेटलेले काका सगळं नीट ऐकून घेतात आणि शेवटी विचारतात, "म्हणजे आमचा प्रिंटर बघशील का रे एकदा?"

हा उद्योग बहुतेक ठिकाणी हूडिनी नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये चालतो. टोरोंटोच्या साइड इफेक्ट्स सॉफ्टवेअर या कंपनीने ते 1996 मध्ये बाजारात आणलं. त्यात काम करायचं म्हणजे छोटे छोटे चौकोन मांडायचे आणि त्यांना तारांनी जोडायचं. प्रत्येक चौकोन म्हणजे एक नोड, आणि प्रत्येक नोड एकच काम करतो. एक नोड कावळा आणतो, दुसरा ठिपके पसरतो, तिसरा प्रत्येक ठिपक्यावर एक कावळा बसवतो. दुपारपर्यंत पडद्यावर तारांचं असं जंजाळ होतं की सुपरवायझर मागे येऊन उभा राहिला तरी त्याला काम जोरात चाललंय असंच वाटतं. या पद्धतीचा हा फायदा मॅन्युअलमध्ये दिलेला नाही.

कावळा बिघडवायचा म्हणजे त्याची वेळ थोडी पुढेमागे करायची. याला ऑफसेट देणं म्हणतात. नवीन आलेली पोरं पाच वेगवेगळे कावळे करतात, प्रत्येकाला टाइमशिफ्ट नावाचा नोड लावून चार-चार फ्रेम मागे ढकलतात आणि ते पाच कावळे हजारदा वापरतात. पोटापुरतं काम होतं. पण माणसाच्या डोळ्याचं विचित्र आहे. त्याला घरातला चष्मा सापडत नाही, पण आभाळातला सतरावा आणि चारशेतिसावा कावळा एका ठेक्यात उडतायत हे त्याला पहिल्या दोन सेकंदांत कळतं. मग त्याला बाकीचं काही दिसत नाही. नायिका पाण्यात पडो, नायक तिला काढो, याची नजर सतराव्या कावळ्यावर.

म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र ऑफसेट द्यावा लागतो. प्रत्येक ठिपक्याला एक नंबर असतो. त्या नंबरावरून शून्य ते एकमधला एक रँडम आकडा काढायचा, त्याला चोवीसने गुणायचं, आलेलं उत्तर चालू फ्रेममध्ये मिळवायचं, बेरजेला चोवीसने भागायचं आणि जी बाकी उरेल ती त्या कावळ्याची फ्रेम. एका ओळीचं काम. पूर्वी हे 'कॉपी स्टॅम्प' नावाच्या पद्धतीने करत, आणि त्यात पाच हजार कावळे म्हणजे पाच हजार वेळा कावळा पहिल्यापासून शिजवावा लागे. आमच्याकडे हिशेब होण्याला 'कुक होणं'च म्हणतात. तो शिजेपर्यंत खाली जाऊन दोन कटिंग आणि एक गॉसिप आरामात व्हायचं. आता चोवीस फ्रेमचे चोवीस कावळे एकदाच शिजवून, पॅक करून ठेवतात आणि प्रत्येक ठिपक्याला हवा तो नेमून देतात. मशीनचा वेळ वाचला. आमचा चहा गेला.

आता या रँडमची गोष्ट. संगणकाला खरंखुरं वाटेल ते करता येत नाही. त्याला पंचवीस हा आकडा दिला आणि 'मनात येईल ते सांग' म्हटलं, तर तो जे सांगेल तेच उद्या, परवा आणि पुढच्या दिवाळीलाही सांगेल. गणिती सूत्रातून असे रँडम आकडे काढू पाहणारा माणूस पापी आहे, असं जॉन फॉन नॉयमान यांनी 1951 मध्येच गमतीने म्हणून ठेवलंय. आमचा धंदा या पापावर उभा आहे. कारण कल्पना करा, दिग्दर्शकाने सोमवारी थवा बघून 'वा' म्हटलं आणि गुरुवारी रेंडर करताना कावळ्यांनी स्वतःच्या मर्जीने वेगळाच गोंधळ घातला. चालेल का? मंजूर झालेला गोंधळ शेवटपर्यंत तसाच्या तसा राहिला पाहिजे. त्यासाठी सीड नावाचा एक आकडा असतो. सीड तोच, तर गोंधळ तोच. सीड बदलला की सगळा थवा नव्याने विस्कटतो.

सीड कोणता घ्यावा याला शास्त्र नाही, पण श्रद्धा आहे. कोणी जन्मतारीख घालतं, कोणी गाडीचा नंबर. एक सीनियर सगळीकडे 1234 घालतात आणि तरीही त्यांचे शॉट पहिल्या फेरीत पास होतात, म्हणून आमच्याकडे आता सगळेच 1234 घालतात. पाचशे वेगवेगळ्या थव्यांची बेशिस्त त्यामुळे एकाच आकड्यातून निघते. प्रेक्षकांच्या सुदैवाने ते पाचशे सिनेमे एका ओळीत बघत नाहीत.

सीडमुळे होणारा खरा छळ वेगळाच. दिग्दर्शक पडद्याजवळ जातात, बोट लावतात आणि म्हणतात, "सगळं छान आहे. फक्त हा एक कावळा जरा उशिरा पंख मारू दे." सीड बदलला तर पाचही हजार बदलतात. मग त्या एकट्याचा नंबर शोधायचा, त्याच्यासाठी वेगळा नोड टाकायचा, आणि वर चिठ्ठी लिहायची: 'क्रमांक 3107, सरांचा कावळा, हात लावू नये.' प्रत्येक मोठ्या शॉटमध्ये असे चार-पाच वशिल्याचे कावळे असतात.

यापुढचा घोटाळा कण मरायला लागले की होतो. पार्टिकल म्हणजे कण, आणि कणांना आयुष्य असतं. ठिणगी विझते, पान जमिनीला लागतं, कावळा फ्रेमबाहेर गेला की आपण त्याला पुसून टाकतो. एक कण गेला की मागच्या सगळ्यांचे नंबर एकाने सरकतात. म्हणजे हा नंबर आधार क्रमांक नाही, बँकेच्या रांगेतली जागा आहे: पुढचा उठला की तुम्ही सातचे सहा. आणि ज्या नंबरावरून ऑफसेट काढला तोच बदलला, तर उडता उडता कावळ्याचा पंख खालून एकदम वर जातो. एकाचा नव्हे, मागच्या सगळ्यांचा. पडद्यावर दिसताना थव्याला एकदम शॉक बसल्याचा भास होतो. यावरचा इलाज सोपा आणि जुना आहे. जन्मताच प्रत्येक कणाला कायमचा आयडी मिळतो, ऑफसेट त्यावरूनच काढायचा. हे प्रत्येक ट्यूटोरियलमध्ये असतं, प्रत्येक सीनियर हे प्रत्येक ज्युनियरला सांगतो, आणि प्रत्येक प्रोजेक्टमध्ये रात्री अकरा वाजता कुठल्या तरी टेबलावरून हाक येते, "अरे, माझे कावळे उड्या का मारतायत?" सगळा फ्लोअर वर न बघता एका सुरात उत्तर देतो, "आयडी!"

कणांना आपापलं आयुष्य द्यायची कल्पना विल्यम रीव्ह्ज यांची. 1982 च्या 'स्टार ट्रेक' सिनेमात एका उजाड ग्रहावर आगीची लाट पसरते, ती त्यांनी लुकासफिल्ममध्ये कणांनी केली आणि पुढच्या वर्षी त्यावर शोधनिबंध लिहिला. त्यांचं सूत्र भाजीच्या फोडणीपेक्षा सोपं आहे: सरासरी घ्या, आणि तिच्यात रँडम आकडा गुणिले किती फरक चालेल ते मिळवा. वेग, रंग, आयुष्य, सगळं असंच. चाळीसेक वर्षं झाली, सॉफ्टवेअरं बदलली, पण अजूनही आम्ही सरासरी आणि फरक याच दोन खुंट्या पिळत बसतो.

किती पिळायच्या हे मात्र कोणी लिहून ठेवलेलं नाही. त्यासाठी डेलीज असतात. रोज अंधाऱ्या खोलीत बसून सुपरवायझर शॉट बघतात आणि नोट देतात. पहिली नोट: "फार युनिफॉर्म वाटतंय." फरक वाढवला. दुसरी नोट: "आता फार रँडम वाटतंय." फरक कमी केला. तिसरी नोट: "ऑरगॅनिक कर." ही नोट ज्याला कळली त्याने ती बाकीच्यांना अजून समजावून सांगितलेली नाही. चौथ्या नोटेत बहुधा पहिलंच व्हर्जन परत मागतात, पण ते तसं सांगत नाहीत. "मधे एक छान होतं बघ," म्हणतात.

त्यांच्या बाजूने बोलायचं तर सुपरवायझरचं म्हणणं अगदीच खोटं नसतं. गवताचं उदाहरण घ्या. प्रत्येक पात्याला स्वतंत्र रँडम ऑफसेट दिला तर वारा सुटल्याचं अजिबात दिसत नाही. सगळं शेत जागच्या जागी वळवळत राहतं. आमच्या भाषेत ते 'बॉइल' होतं. भाताच्या खाचरावरून वारा जाताना बघितलाय ना? एक पातं वाकतं तेव्हा शेजारचंही जवळपास तेव्हाच वाकतं, लांबचं थोड्या वेळाने. शेजाऱ्याचं शेजाऱ्याशी जमतं, लांबच्याचं नाही. हे साधायला रँडम उपयोगाचा नाही, नॉइज लागतो. केन पर्लिन यांनी 'ट्रॉन' या सिनेमावर काम केलं, संगणकी चित्रांचा तो गुळगुळीत यंत्रीपणा त्यांना खटकला, आणि 1983 च्या सुमाराला त्यांनी हळूहळू बदलणाऱ्या, शेजाऱ्याला धरून चालणाऱ्या आकड्यांची युक्ती काढली. 1997 मध्ये ऑस्कर अकादमीने त्यांना त्यासाठी तांत्रिक पुरस्कार दिला. गुळगुळीतपणा घालवल्याबद्दल माणसाला बक्षीस मिळालेलं बघून आम्हाला अजून हुरूप येतो.

ऑफसेटवर भागत नाही म्हटल्यावर वेगातही फरक आणावा लागतो. सगळ्यांचा वेग एकच असेल तर सुरुवातीला जे जितके मागे, ते शेवटपर्यंत तितकेच मागे. म्हणून कोणाला दहा टक्के जलद करायचं, कोणाला दहा टक्के सुस्त. इथे एक खड्डा आहे. सिनेमाच्या धंद्यात शॉट एक नंबरच्या फ्रेमपासून सुरू होत नाही, 1001 पासून होतो. मागे जागा लागली तर उणे आकडे नकोत म्हणून. आता कावळा उंच चढायला लागला की त्याने पंख जोरात मारले पाहिजेत, म्हणून पोरगा सरळ फ्रेम गुणिले वेग असं लिहितो. वेग जरासा म्हणजे शंभराव्या हिश्शाने वाढला, की हजाराच्या पुढच्या फ्रेमवर हिशेब एकदम दहा फ्रेमने पुढे उडी मारतो. वेग कमी झाला की पंख चक्क उलटे फिरतात. गुणाकार करायचा नसतो. मागच्या फ्रेमपर्यंत जेवढं झालं त्यात आजचा वेग मिळवत जायचं. सूत्रात तारखेच्या नाही, वयाच्या हिशेबाने जगायचं असतं. घारीला तर हे काहीच लागू नाही. ती पंख मारतच नाही. घारीच्या शॉटला मिळालेला माणूस दिवसभर इतका खूश असतो की बाकीचे त्याच्याशी बोलत नाहीत.

माणसांच्या गर्दीत कावळ्यांपेक्षा जास्त भानगडी. माणसाला पाय असतात. चालीचा वेग बदलला आणि पुढे सरकण्याचा नाही, तर पाय जमिनीवर घसरतात आणि अख्खी सेना तेलावरून चालल्याचं दिसतं. शिवाय माणसं दचकतात. 1040 व्या फ्रेमला स्फोट, आणि बाजारातली तीन हजार माणसं 1040 व्या फ्रेमलाच मान वळवतात! जणू सगळ्यांना आदल्या रात्री निरोप गेला होता. प्रत्येकाला दचकायला चार ते दहा फ्रेमचा उशीर द्यावा लागतो. आणि प्रामाणिकपणे करायचं तर अंतरही धरलं पाहिजे. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, सेकंदात चोवीस फ्रेम, म्हणजे फ्रेमला चौदा मीटर. एकशे चाळीस मीटरवरच्या माणसाला स्फोट दहा फ्रेम उशिरा ऐकू आला पाहिजे. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने एकदा हा हिशेब चोख बसवला. भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाला गहिवरून आलं असतं. नोट आली: "मागची माणसं झोपली आहेत का?"

अशी हिशेबी माणसं वाट्टेल तशी वागतात याचा एक किस्सा आमच्या धंद्यात फार लाडका आहे. न्यूझीलंडमध्ये 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या लढायांसाठी स्टीव्हन रेगेलस यांनी मॅसिव्ह नावाचं सॉफ्टवेअर लिहिलं. त्यात प्रत्येक सैनिक स्वतःपुरतं बघून, ऐकून निर्णय घेतो. सुरुवातीच्या एका चाचणीत दोन्ही फौजा भिडल्या आणि काही सैनिक मात्र लांब डोंगराकडे पळत सुटले. जगभर बातमी झाली की संगणकी सैनिकांनाही मरणाची भीती वाटते. खरं कारण कोरडं होतं: ते उलट्या तोंडाने उभे होते, समोर शत्रू दिसेना, म्हणून शत्रू शोधत धावत राहिले. मला ही दुसरी हकिकत जास्त माणसासारखी वाटते. अंधेरीच्या पुलावर रोज संध्याकाळी हेच चालतं. एरवी कुणाचा पाय कुणाच्या पायाशी जुळत नाही. मग घोषणा होते की गाडी दोनऐवजी चारवर येतेय. पुढचे वळतात, मागच्यांना ऐकू गेलेलं नसतं, ते चालत राहतात, मधले पुढच्यांचं तोंड बघून वळतात, आणि कानात इयरफोन घातलेला एक गृहस्थ शांतपणे दोन नंबरवर उतरून उभा राहतो. कुठल्याही दिग्दर्शकाने हा शॉट 'फार रँडम' म्हणून परत पाठवला असता.

या सगळ्या मेहनतीला सुरुंग लावला तो काजव्यांनी. एका सिनेमाच्या कथेत रात्रीचं जंगल, झाडाझाडांवर काजवे. आमच्या टीमने प्रत्येक काजव्याला आयडीवरून ऑफसेट दिला, वेगात फरक दिला, सीड 1234. दोन काजवे एका वेळी लुकलुकणार नाहीत अशी चोख बेशिस्त. शॉट पाहून दिग्दर्शक म्हणाले, "खोटं वाटतं." ते मे महिन्याच्या अखेरीला भंडारदऱ्याला जाऊन आले होते. पावसाच्या तोंडावर तिथे, पुरुषवाडीला, राजमाचीला काजव्यांनी झाडं भरून जातात, आणि एका झाडावरचे काजवे बराच वेळ एका ठेक्यात लुकलुकतात. मलेशियात सेलांगोर नदीकाठी तर ते यासाठी जगप्रसिद्ध आहेत. म्हणजे कावळ्यांना बिघडवण्यात आमची हयात चालली आणि काजवे कोणी न सांगता स्वतःहून एका तालात आले.

याचंही गणित निघालं. जपानचे भौतिकशास्त्रज्ञ योशिकी कुरामोटो यांनी 1975 मध्ये मांडलेलं. प्रत्येकाची एक उपजत लय असते. प्रत्येकजण दुसऱ्यांकडे बघून आपली लय किंचित पुढेमागे करतो. एकमेकांची दखल घेण्याचं प्रमाण थोडं असेल तर काहीच घडत नाही. ते एका मर्यादेपलीकडे गेलं की झाडच्या झाड एकदम लयीला लागतं. आरतीच्या टाळ्यांत हेच होतं. पहिल्या कडव्याला सैरावैरा, दुसऱ्याला आपोआप ठेका. रोमानिया आणि हंगेरीतल्या नाट्यगृहांत टाळ्या ध्वनिमुद्रित करून काही संशोधकांनी 2000 साली 'नेचर'मध्ये दाखवलं, की टाळ्या एका तालात याव्यात म्हणून लोक त्या जवळपास निम्म्या वेगाने वाजवू लागतात, आणि आवाज वाढवायच्या नादात वेग वाढवला की ताल परत मोडतो. उत्साह वाढला की शिस्त बिघडते, याचा पुरावा चक्क 'नेचर'मध्ये आहे. गणेशोत्सव मंडळांनी पोलिसांना दाखवायला हरकत नाही.

तर आम्ही कुरामोटोंचं गणित नोडमध्ये बसवलं. दखल घेण्याचा आकडा शून्य: पहिल्यासारखा गोंधळ. आकडा मोठा: सगळं जंगल लग्नाच्या मांडवातल्या लाइटिंगच्या माळेवर गेलं. मधे कुठेतरी एक बारीक फट होती, जिथे एका झाडावर उजेड उठायचा, शेजारच्या झाडाकडे सरकायचा, तिथे चुकायचा, परत सावरायचा. दिग्दर्शक गप्प बसून बघत राहिले. मग म्हणाले, "हेच. फक्त तो खालचा एक काजवा जरा उशिरा." क्रमांक 212, चिठ्ठी लावली.

तो शॉट सिनेमात तीन सेकंद आहे. त्यातले दोन सेकंद समोर नायकाचं डोकं आहे.

तेव्हा वाचकहो, एवढंच करा. सिनेमा संपला की लगेच उठू नका. पडद्यावर खालून वर नावं जायला लागतात, सगळी एकाच वेगाने, कोणालाही ऑफसेट नाही. तिथे अगदी शेवटी, ड्रायव्हर आणि केटरिंगच्या आसपास, बारीक अक्षरांत आमची नावं असतात, आणि तेवढ्यात दिवे लागतात आणि झाडूवाला आत येतो. चार-पाच मिनिटांचा प्रश्न आहे. पार्किंगमधली गर्दीही तोवर कमी होते.